लेबल तेच, बाटलीत भलतंच : अँटीबॉडी विकणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
संशोधनासाठी अँटीबॉडी बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे भारतातले वितरक यांस,

विषय : ईआरसीसी१ या प्रथिनाची अँटीबॉडी, तिचा बदललेला लॉट आणि आमची बंद केलेली तक्रार.

स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत गेली २२ वर्षं प्रयोगशाळा साहाय्यक आहे. जेल ओतणं, ब्लॉट लावणं, पेशी वाढवणं आणि उणे ८०चा फ्रीझर बोंबलायला लागला की रात्री साडेअकराला रिक्षा शोधत येणं, ही माझी कामं. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव कधी असतं, कधी नसतं. तुमच्या दप्तरी ग्राहक म्हणून आमच्या सरांची नोंद आहे. पण तुमची बाटली उघडते मी. म्हणून पत्रही मीच लिहिते आहे.

लिहिण्याचं कारण असं. गेल्या जुलैत, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, तुमच्यापैकी एका कंपनीनं आपल्या एका अँटीबॉडीच्या, म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणाऱ्या रेणूच्या, डेटाशीटमधून (माहितीपत्रकातून) 'वेस्टर्न ब्लॉट' हे दोन शब्द काढून टाकले. (वेस्टर्न ब्लॉट म्हणजे पेशीतली प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि अँटीबॉडीनं त्यातलं हवं ते शोधायचं. सापडलं की तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो.) सोबतचं ब्लॉटचं चित्रही गेलं. कॅटलॉग नंबर तोच राहिला, किंमतही तीच. ज्यांनी ही अँटीबॉडी आधी विकत घेतली होती, त्यांना एका ओळीचं ईमेलसुद्धा गेलं नाही. आम्हाला तर नाहीच. आणि याच दोषाबद्दल आम्ही १५ महिने आधी पुराव्यासकट तक्रार केली होती. तेव्हा उत्तर आलं होतं की अँटीबॉडी उत्तम आहे, तुमची ब्लॉटची पद्धत तपासून पाहा.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना एव्हाना कळलं असेल. पण बाकीच्यांनी 'चला, आपण नाही' म्हणून पत्र बाजूला ठेवू नये. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं तुम्हा सगळ्यांना लागू आहे.

हे पत्र प्रयोगशाळेबाहेरचे लोकही वाचतील, म्हणून थोडं मागून सांगते. आपल्या पेशींतल्या डीएनएला दिवसरात्र इजा होत असते आणि पेशी ती दुरुस्त करत असते. ईआरसीसी१ हे त्या दुरुस्तीच्या टोळीतलं एक प्रथिन. १९८४ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटानं त्याचं जनुक वेगळं काढलं. डीएनए दुरुस्तीचं असं हाती लागलेलं ते पहिलं मानवी जनुक. प्रथिन तसं लहानखुरं आहे, २९७ अमिनो आम्लांचं. एकटं ते काही करत नाही. एक्सपीएफ नावाच्या थोराड जोडीदाराबरोबर ते कात्रीसारखं काम करतं : डीएनएची साखळी जिथे बिघडली आहे तिथे जवळच काप घ्यायचा, म्हणजे पुढच्यांना खराब तुकडा काढून नवा भरता येतो. जोडी अशी की एक नसला तर दुसराही पेशीत फार टिकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता कर्करोगाशी याचा संबंध काय? सिस्प्लॅटिन हे औषध फुप्फुसाच्या, अंडाशयाच्या आणि इतरही कित्येक कर्करोगांत देतात. ते डीएनएला प्लॅटिनमचे टाके घालतं आणि पेशी मरते. पण ज्या गाठीत ईआरसीसी१ भरपूर, ती हे टाके उसवून टाकते आणि औषधाला पुरून उरते, असा साधा सरळ कयास. म्हणजे रुग्णाच्या गाठीत ईआरसीसी१ किती आहे हे मोजता आलं, तर सिस्प्लॅटिनचा त्रास कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे आधीच ठरवता येईल. मोजायला साधन कोणतं? अँटीबॉडी.

म्हणजे तुमची बाटली. १०० मायक्रोलिटर द्रव, बोटाच्या पेराएवढ्या नळीत, आम्हाला पडली ४६ हजार रुपयांना. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिना ३७ हजार आहे. एका बाटलीपुढे एका विद्यार्थ्याचा महिना थिटा पडतो, आणि ती उघडताना माझा हात अजूनही थोडा थरथरतो, हे खरं आहे.

आमच्याकडे एक विद्यार्थिनी ऑगस्ट २०२०मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, पीएचडीला रुजू झाली. मला ताई म्हणते. तिचं काम सिस्प्लॅटिनला दाद न देणाऱ्या पेशींवर : साध्या पेशींना महिनोन् महिने थोडं थोडं औषध पाजून त्या निबर करायच्या आणि मग त्यांच्यात काय बदललं ते पाहायचं. नोव्हेंबर २०२१मध्ये तुमची पहिली बाटली आली. सशापासून बनवलेली पॉलिक्लोनल अँटीबॉडी. पहिल्याच ब्लॉटला ३७ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) खुणेजवळ, जिथे ईआरसीसी१ दिसायला हवं तिथेच, स्वच्छ बँड, बाकी मेम्ब्रेन कोरी. निबर झालेल्या पेशींत तो बँड ठळक, साध्या पेशींत फिका. तीनदा केलं, तीनदा तेच. त्या दिवशी पोरीनं कँटीनमध्ये सगळ्यांना वडापाव खिलवला.

बाटली संपत आली तेव्हा सरांनी शहाणपणा केला. लॉट मध्येच बदलायला नको म्हणून एकाच लॉटच्या तीन बाटल्या एकदम मागवल्या. १ लाख ३८ हजार. कोटेशनं, समिती, सह्या, कस्टम्स हे सगळं होऊन जून २०२३मध्ये त्या आल्या. लॉट अर्थातच नवा होता. लॉट बदलू नये म्हणून जे केलं, त्यानेच नव्या लॉटच्या तीन बाटल्या आमच्या गळ्यात पडल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

नव्या बाटलीतही बँड आला. जागाही तीच दिसली. फक्त निबर पेशी आणि साध्या पेशी यांच्यातला फरक गेला. सगळीकडे सारखाच ठळक बँड. आता बँड आलाच नसता तर आम्ही त्याच आठवड्यात तुम्हाला फोन केला असता. पण हा आपला हजर, आणि ऐटीत हजर. मग संशय कुणावर जाणार? पोरीच्या हातावर. प्रथिन मोजताना चूक झाली असेल, पेशींची अदलाबदल झाली असेल, सिस्प्लॅटिन जुनं झालं असेल. एकदा तर मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, की आधीचे तीन ब्लॉट नक्की कसे आले होते ते सांग. आवाज चढवला नाही त्यांनी. पण ती बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसली आणि बराच वेळ पिपेटच्या टिप्स डब्यात भरत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. तोच ब्लॉट तिने १७ वेळा लावला. मी मोजले आहेत. मेम्ब्रेन मीच कापत होते.

मार्च २०२४मध्ये सरांच्या ओळखीतल्या एका परदेशी प्रयोगशाळेनं ईआरसीसी१चं जनुकच मोडून टाकलेल्या पेशी पाठवल्या. आमच्या भाषेत नॉकआउट. या पेशींत ईआरसीसी१ असूच शकत नाही. त्या खरोखर नॉकआउट आहेत का हेही तिने आधी तपासलं. मायटोमायसिनच्या अगदी थोड्या मात्रेलाही त्या पटापट मेल्या. हे औषध डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना शिवतं, आणि त्या उसवायला यांच्याकडे कात्री नाही. मग ब्लॉट. एका रांगेत साध्या पेशी, शेजारी नॉकआउट. लाल पॉन्सोचा रंग देऊन दोन्हींत माल सारखा उतरला आहे हे पाहिलं. ७० किलोडाल्टनच्या खुणेवर मेम्ब्रेन आडवी कापली. वरच्या तुकड्याला एक्सपीएफची अँटीबॉडी, खालच्याला तुमची. दुधाच्या पावडरीत ब्लॉक करून, म्हणजे मेम्ब्रेनची रिकामी जागा झाकून, रात्रभर ४ अंशाच्या खोलीत डोलत ठेवली.

सकाळी दोन्ही तुकडे कॅमेऱ्याखाली घेतले. वरच्या तुकड्यावर साध्या पेशींत एक्सपीएफचा बँड, नॉकआउटमध्ये जेमतेम सावली. जोडीदार नसला की तो टिकत नाही म्हणाले होते ना, ते हेच. खालच्या तुकड्यावर, जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे तुमचा बँड. साध्या पेशींत जेवढा, नॉकआउटमध्ये तेवढाच. काकणभर जास्तच.

माझी एक सवय आहे, संस्थेत तिची चेष्टा होते : कुठलीही अँटीबॉडी संपत आली की शेवटचे दोन-चार थेंब मी वेगळ्या नळीत काढून, तारीख घालून, डब्याच्या कोपऱ्यात ठेवते. जुन्या लॉटचे ४ मायक्रोलिटर माझ्याकडे होते. दुसऱ्या दिवशी तोच ब्लॉट त्या चार थेंबांवर लावला. साध्या पेशींत बँड. नॉकआउटमध्ये मेम्ब्रेन कोरी. जवळ ठेवून पाहिलं तर नव्या लॉटचा बँड केसभर वर बसत होता, दाणाभरसुद्धा नाही. नवा ससा कशाला ओळखत होता देव जाणे. ईआरसीसी१ला नक्कीच नाही.

म्हणजे जून ते मार्च, ९ महिन्यांचं काम पाण्यात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. उपयोग आत्ता झाला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी : तुम्ही माल बदलता आणि लेबल बदलत नाही. पॉलिक्लोनल म्हणजे एका जनावराच्या रक्तातलं मिश्रण. तो ससा गेला की ते मिश्रण गेलं. दुसऱ्या सशाला तेच प्रथिन टोचलं तरी त्याचं शरीर वेगळंच मिश्रण तयार करणार. हे आम्हाला कळतं, तुम्हाला तर कळतंच. मग दोन वेगवेगळ्या सशांच्या रक्ताला एकच कॅटलॉग नंबर कशासाठी? लॉट नंबर छापलेला असतो, पण तो नळीच्या बुडाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, आणि त्या लॉटचं स्वतंत्र असं काहीही कागदावर नसतं. डेटाशीटमधलं चित्र कुठल्या लॉटचं होतं हे आम्ही विचारलं. उत्तर आलं, 'प्रातिनिधिक'.

दुसरी : नॉकआउटवर तपासल्याशिवाय विकता. डेटाशीटमध्ये हेला पेशींचा (प्रयोगशाळांत सर्रास वापरतात त्या मानवी पेशी) एक ब्लॉट होता, एकच रांग, एकच बँड, वर-खाली बेतानं कापलेला. प्रथिन असलेल्या पेशीत बँड येतो हे दाखवणं सोपं आहे. प्रथिन नसलेल्या पेशीत तो येत नाही, हे दाखवा. क्रिस्पर हे जनुक कापण्याचं तंत्र आल्यापासून अशा पेशी बनवणं काही आभाळातून चांदणं आणण्यासारखं राहिलेलं नाही. एका पीएचडीच्या पोरीनं पाचशे रुपयांच्या सामानात जो प्रयोग केला, तो तुमच्याकडे का होत नाही?

तिसरी तक्रार तुमच्या तक्रार-विभागाबद्दल. आम्ही एप्रिल २०२४मध्ये चारही ब्लॉट, लॉट नंबर, पद्धत, सगळं पाठवलं. पहिलं उत्तर : दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) वापरून पाहा. पाहिलं. दुसरं उत्तर : अँटीबॉडी आणखी पातळ करा. केली. बँड फिका झाला, दोन्ही रांगांत सारखाच. तिसरं उत्तर : माल रवाना झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तक्रार यायला हवी होती, सबब तिकीट बंद करत आहोत. पुढच्या खरेदीवर २० टक्के सवलत. (ही सवलत आम्ही वापरली नाही, हे सांगायला नको.) रवाना झाल्यापासून! त्या सहा महिन्यांतले किती दिवस बाटली बर्फात बसून कागदांची वाट बघत होती, हे आमच्या खरेदी विभागाला विचारा.

चौथी एका ओळीची आहे. चूक लक्षात आल्यावर डेटाशीट गुपचूप बदलता, ती का बदलली ते सांगत नाही, जुनी प्रत कुठेही ठेवत नाही.

आणि यातलं नवीन काही नाही, हेच जास्त लागतं. याच ईआरसीसी१च्या बाबतीत जगानं एकदा मोठी ठेच खाल्ली आहे. २००६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेच्या पुढाकारानं झालेला एक अभ्यास आला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७६१ गाठी, अँटीबॉडी ८एफ१ नावाची. ४४ टक्के गाठींत ईआरसीसी१ सापडलं. ज्यांच्यात सापडलं नाही त्यांना शस्त्रक्रियेनंतर सिस्प्लॅटिनवर आधारित उपचाराचा फायदा झालेला दिसला, ज्यांच्यात सापडलं त्यांना नाही. कल्पना करा, केवढी आशा निर्माण झाली असेल. इकडे टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या करणाऱ्या लोकांना अशी एखादी चाचणी केवढी हवी असते, हे मी परळच्या फुटपाथवर नातेवाईकांबरोबर राहून पाहिलेलं आहे.

त्यानंतर २०१३ साली, त्याच नियतकालिकात, त्याच संस्थेच्या लोकांनी स्वतःच लिहिलं की हा निष्कर्ष दुसऱ्या रुग्णांवर पडताळता आला नाही. दरम्यानच्या काळात ८एफ१चं वागणंच बदललं असावं, कारण आधीच्या आणि नंतरच्या रंगवण्याचा मेळ बसेना. वर आणखी एक. ईआरसीसी१ चार रूपांत बनतं आणि त्यातलं दुरुस्तीचं काम पूर्ण करू शकणारं रूप एकच. त्यांनी बाजारातल्या १६ अँटीबॉडी तपासल्या. एकीलाही ही चार रूपं वेगळी ओळखता आली नाहीत. याशिवाय ८एफ१ ही भलत्याच एका प्रथिनालाही चिकटते, पेशीच्या पडद्याचा माल बनवणाऱ्या एका एन्झाइमला, हे इतरांनी दाखवलं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये ईआरसीसी१ पाहून औषध निवडण्याची चाचणी ६४८ रुग्णांवर घेतली गेली. त्यातही तसा काही फायदा दिसला नाही.

आपलंच गाजलेलं काम आपणच खोडायला छाती लागते. मला त्या लोकांबद्दल आदर आहे. विकणाऱ्यांकडून तेवढ्या मोठ्या छातीची अपेक्षा नाही. पण ही ठेच लागून एवढी वर्षं झाली, तरी त्याच प्रथिनाची अँटीबॉडी नॉकआउटशिवाय विकायची?

होऊ शकत नाही असंही नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या एका गटानं ६५ प्रथिनांच्या ६१४ अँटीबॉडी नॉकआउट पेशींवर तपासून २०२३मध्ये निकाल जाहीर केले. अँटीबॉडी कुणी दिल्या? तुमच्यातल्याच कंपन्यांनी, आपणहून. निकाल पाहून नापासांपैकी साधारण २० टक्के अँटीबॉडी कंपन्यांनी बाजारातून काढल्या आणि ४० टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. उत्तम झालं. पण त्याआधी त्या ज्यांनी विकत घेतल्या होत्या, त्यांना कुणी कळवलं? माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुका. सोयाबीनचा पट्टा. बियाण्याच्या पिशवीला टॅग शिवलेला असतो : लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणशक्ती किती टक्के. सोयाबीनला ती किमान ७० लागते. हे कंपनीच्या मर्जीवर नाही, १९६६चा बियाणे कायदा आहे. तरीही माझा भाऊ पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि आठवड्याने मोड मोजतो. २०२० च्या खरिपात गावोगावी सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा तक्रारी झाल्या, शेतांवर येऊन पंचनामे झाले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली. सगळ्यांना भरपाई मिळाली असं मी म्हणत नाही. पण माझ्या भावाला पिशवीवर लॉटची टक्केवारी वाचता येते, आणि दाद मागायला तालुक्याला एक दार असतं. ४६ हजारांच्या बाटलीवर मला यातलं काहीही वाचता येत नाही. 'केवळ संशोधनासाठी' एवढे शब्द मात्र न चुकता असतात. माझ्या समजुतीनुसार त्याचा अर्थ, आम्ही कशालाच जबाबदार नाही.

आमचंही चुकलं, ते लपवत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. नवा लॉट आला त्याच दिवशी जुन्याशेजारी लावून पाहायला हवा होता. माझ्याकडे ते चार थेंब होते. मला सुचलं नाही, कारण कॅटलॉग नंबर तोच होता. आणि आमच्या खरेदी समित्यांनाही दोन शब्द : अँटीबॉडी म्हणजे अ‍ॅसिटोन नाही. तीन कोटेशनं मागवून सगळ्यात स्वस्त ती घ्या, हा नियम तिथे लावला की नॉकआउटचा पुरावा देणारी महागडी बाटली बाद होते आणि चित्र कापून छापणारी पास होते. जून २०२५मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांच्या खरेदीच्या मर्यादा बऱ्यापैकी सैल केल्या आहेत. आता तरी कारण लिहून हवी ती बाटली मागवायला हरकत नसावी. तर ते असो. हे पत्र तुम्हाला आहे.

मागण्या अशा.

प्रत्येक लॉटबरोबर त्याच लॉटचा ब्लॉट द्या, पूर्ण मेम्ब्रेनचा, न कापलेला, आणि त्यात नॉकआउटची रांग असू द्या. ज्या प्रथिनाशिवाय पेशी जगतच नाही तिथे नॉकआउट शक्य नसतो, हे मान्य. तिथे प्रथिन कमी करून दाखवा, किंवा दुसऱ्या स्वतंत्र अँटीबॉडीशी ताडून दाखवा. काय केलं आणि काय केलं नाही ते लिहा म्हणजे झालं.

ससा बदलला तर कॅटलॉग नंबर बदला. खरं म्हणजे ईआरसीसी१सारख्या, ज्यावर रुग्णांच्या उपचाराचे निर्णय एकदा बेतले होते अशा प्रथिनांसाठी पॉलिक्लोनल बंदच करा आणि रीकॉम्बिनंट द्या, जिचा क्रम ठाऊक असतो आणि जी दर वेळी तीच बनते. २०१५ सालीच ११० शास्त्रज्ञांनी नेचरमध्ये एकत्र येऊन अशीच मागणी केली होती. मी काही नवं मागत नाही.

डेटाशीट बदलली तर तारीख टाका, काय बदललं ते लिहा, जुनी प्रत राहू द्या. आणि तो कॅटलॉग नंबर ज्यांनी आधी घेतला त्या प्रत्येकाला कळवा. नवीन वर्षाच्या शुभेच्छा आणि सवलतीच्या जाहिराती पाठवायला आमचे पत्ते तुमच्याकडे असतात. त्याच पत्त्यांवर हेही येऊ शकतं.

तक्रारीची मुदत बाटली आमच्या हातात पडल्यापासून मोजा, आणि ती किमान दोन वर्षं ठेवा. तुम्हीच लेबलवर 'उणे २०ला ठेवल्यास इतके महिने टिकते' असं छापता ना? मग तेवढी तरी.

शेवटची मागणी फक्त त्या एका कंपनीकडे. आम्हाला १ लाख ३८ हजार परत नकोत. ते सरकारचे पैसे होते, परत आले तरी कुठल्या खात्यात जमा करायचे यावर आमच्याकडे सहा महिने फाइल फिरेल. त्या मुलीची फेलोशिप पाच वर्षं भरून ऑगस्टमध्ये संपली. आता ती घरून पैसे आणते आहे. आम्ही दुसऱ्या कंपनीची रीकॉम्बिनंट अँटीबॉडी आणली. तिच्यावर निबर पेशींत बँड ठळक येतो, साध्यांत फिका, नॉकआउटमध्ये नाही. पहिल्या दिवशी आला होता तस्साच. ती खरं बोलत होती. पण प्रबंधातलं अख्खं एक प्रकरण पुन्हा करायचं आहे आणि त्यासाठी तिला मुदतवाढ हवी आहे. विद्यापीठ विचारतं, ९ महिने कशामुळे वाया गेले, लेखी कारण द्या. तिने कारण लिहिलं. समितीवरच्या एका सरांनी शेरा मारला : पुरवठादाराचा दुजोरा जोडावा.

तर तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी हव्यात. अमुक लॉटची अँटीबॉडी वेस्टर्न ब्लॉटमध्ये ईआरसीसी१ ओळखत नाही, आणि यास्तव आम्ही तो वापर डेटाशीटमधून काढला आहे. शब्द तुमचे चालतील. दिलगिरी नसली तरी चालेल. सही आणि शिक्का हवा.

त्या लॉटच्या तीन बाटल्यांपैकी तिसरी न उघडलेली आहे. दुसरीत ३५ मायक्रोलिटर शिल्लक आहे. दोन्ही आमच्या उणे २०मध्ये, तिसऱ्या कप्प्यात, निळ्या डब्यात ठेवल्या आहेत, आणि मेम्ब्रेनचे चारही तुकडे प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वहीच्या त्या पानाला स्टेपल केले आहेत. तुमचा माणूस पाहायला येणार असेल तर आदल्या दिवशी कळवावं. नॉकआउटच्या पेशी वितळवून ठेवायला मला एक दिवस लागतो, आणि शुक्रवारी दुपारी आमच्याकडे वीज जाते.

कळावे,

आपली,
बाटली उघडणारी एक प्रयोगशाळा साहाय्यक, पुणे